तलंगा अंडी देत नाहीत? औषधाच्या बाटलीआधी हे तपासा

पहिल्यांदा कोंबड्या पाळल्या तेव्हा माझ्याकडे ६ तलंगा होत्या. (तलंग म्हणजे अंड्यावर यायच्या बेतात असलेली किंवा नुकतीच आलेली तरणी कोंबडी.) पाच महिने उलटले तरी पेटीत एक अंडं दिसेना. मग मी एकाच आठवड्यात खाद्य बदललं, पाण्यात टॉनिक घातलं, खुराडं दुसऱ्या कोपऱ्यात हलवलं आणि रात्रभर दिवा लावून ठेवला. आठव्या दिवशी लाकडांच्या ढिगामागे गेलेला चेंडू काढायला हात घातला, तर तिथे २३ अंडी! दोघीतिघींनी कधीचीच सुरुवात केली होती. माझ्या धांदलीने मात्र त्या अशा बिथरल्या की पुढचे १५ दिवस खरोखरच बंद पडल्या. सहावी तलंग तर तलंगच नव्हती. तिने त्याच महिन्यात बांग दिली.

तेव्हापासून मी ठरावीक क्रमाने तपासते, आणि तोच क्रम खाली दिला आहे. वरून खाली या. स्वतःहून मधली पायरी गाळू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान आठवडाभर थांबा, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

अपवाद एकच. कोंबडी पिसं फुगवून गप्प बसली असेल, सारखी कुंथत असेल, किंवा शेपटाखाली रक्त वा लालगुलाबी मांस दिसत असेल, तर बाकी सगळं सोडा आणि थेट पायरी ८ वाचा.

हाताशी काय ठेवायचं

- एक वही. रोजची अंडी, पहिल्या अंड्याची तारीख, खाद्य कधी बदललं, कोण आजारी पडली. माझ्या मते औषधांच्या सगळ्या बाटल्यांपेक्षा ही वही जास्त कामाची.
- ग्रॅम दाखवणारा वजनकाटा
- टॉर्च (रात्री खुराड्यातल्या फटी बघायला)
- दोन-तीन नकली अंडी. लाकडी, चिनी मातीची किंवा सरळ गोल्फचे चेंडू चालतात.
- शिंपल्यांचा जाडसर चुरा आणि तो ठेवायला वेगळं भांडं
- आजारी कोंबडीसाठी वेगळा पिंजरा किंवा मोठं खोकं
- रबरी हातमोजे, पेट्रोलियम जेली, कोंबडी मावेल असं घमेलं
- पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याचा फोन नंबर. हा आधीच शोधून ठेवा. सगळेच पशुवैद्य कोंबड्या बघत नाहीत आणि गरज पडते ती नेमकी सुट्टीच्या दिवशी.

पायरी १: वय मोजा, अंदाज करू नका

अंड्यांसाठी तयार केलेल्या हलक्या संकरित जाती साधारण १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येतात. जड अंगाच्या आणि देशी जातींना २४ ते २८ आठवडे सहज लागतात, काही त्याहूनही पुढे जातात. म्हणजे एकाच दिवशी आणलेल्या दोन पिलांपैकी एक अंडी देत असेल आणि दुसरी दोन महिने नुसती खात असेल, तरी दोघींचंही काही बिघडलेलं नाही.

विकणाऱ्याने सांगितलेल्या वयावर मात्र फार विसंबू नका. ‘महिन्याभरात अंडी देईल’ हे वाक्य विक्रीचं असतं. वय नक्की माहीत नसेल तर पुढची पायरी जास्त भरवशाची.

आणि हो, ती कोंबडीच आहे ना हेही बघून घ्या. साधारण १२ ते १६ आठवड्यांपासून नराच्या मानेवरची आणि शेपटाच्या अलीकडे पाठीवरून खाली उतरणारी पिसं लांब, टोकदार आणि चकचकीत होऊ लागतात. मादीची पिसं टोकाला गोलसर राहतात. तुरा मोठा आहे एवढ्यावरून ठरवू नका, काही जातींत मादीचा तुराही चांगला भरघोस असतो. माझी फसगत उलट झाली होती: तुरा बेताचा होता म्हणून मी पिसांकडे पाहिलंच नाही.

पायरी २: अंगावरून ओळखा

तयार होत आलेल्या तलंगेचा फिकट तुरा दोन-तीन आठवड्यांत लालभडक आणि फुगीर होतो. चोचीखालच्या लोलक्याही तशाच. ती पेट्यांमध्ये डोकावायला लागते, गवत उकरून बघते, उगाच कलकल करते. पाठीवर हात ठेवला की पळायच्या ऐवजी पंख किंचित पसरून खाली दबते. ही दबण्याची खूण दिसली की बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत पहिलं अंडं येतं.

खात्री हवी असेल तर हाताने तपासा. संध्याकाळी कोंबड्या दांडीवर बसल्या की हे काम सोपं जातं. तिला काखेत धरा, तोंड मागच्या बाजूला ठेवा. शेपटाखालच्या द्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक टोकदार हाडं हाताला लागतात. त्यांच्यात जेमतेम एक बोट मावत असेल आणि द्वार लहान, कोरडं, आखडलेलं असेल, तर तिला अजून वेळ आहे. दोन-तीन बोटं मावत असतील, हाडं लवचिक लागत असतील आणि द्वार रुंद, ओलसर, फिकट असेल, तर ती अंडी देते आहे किंवा उद्या-परवा देणार आहे.

या पायरीवर माणसं दोन गटांत पडतात. तलंग तयारच नसेल तर चौथ्या आणि पाचव्या पायरीवर जा. ती तयार आहे आणि तरी अंडं दिसत नसेल, तर तिसरी नीट वाचा.

पायरी ३: अंडी जातात कुठे ते शोधा

नव्या पाळणाऱ्यांकडची निम्मी ‘अंडी देत नाही’ ही तक्रार इथेच संपते असं मला वाटतं.

*लपवलेली अंडी.* मोकळ्या फिरणाऱ्या तलंगेला तुम्ही बनवलेली पेटी म्हणजे काय हे माहीत नसतं. तिला हवी असते काळोखी, निवांत, मऊ जागा. झुडपाखाली, ढिगामागे, उलट्या टोपलीआड, जिथे मिळेल तिथे ती घालते. सकाळी एखादी तासभर गायब होत असेल आणि मग कोकलत परत येत असेल तर ती कुठून आली ते पाहा. त्याहून सोपं म्हणजे चार-पाच दिवस सगळ्यांना सकाळी १०-११ वाजेपर्यंत आतच ठेवा. बहुतेक अंडी उजाडल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत येतात. एकदा पेटीत घालायची सवय लागली की ती सहसा टिकते.

जुना साठा सापडला तर अंडी खोल भांड्यात पाण्यात सोडा. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं. जुनं होईल तशी आतली हवेची पोकळी वाढते आणि ते उभं राहतं, मग तरंगतं. तरंगणारं फेकायचं. आडवं पडलेलंही वेगळ्या वाटीत फोडून बघूनच वापरा. माझ्या त्या २३ पैकी ७ फेकावी लागली.

*पेटीच चुकीची.* चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते. लांबी, रुंदी, उंची सुमारे ३० सेंटिमीटर, आत गवत किंवा लाकडाचा भुसा, तोंडाशी थोडा आडोसा. पेटी रात्री बसायच्या दांडीपेक्षा खाली हवी. कोंबड्या झोपायला नेहमी सर्वांत उंच जागा धरतात, त्यामुळे पेटी वर असेल तर त्या पेटीत झोपतील आणि घाण करतील. मग घाणीत अंडं घालणं टाळून जमिनीवर घालतील. पेटीत एक नकली अंडं ठेवा. ‘इथे कुणीतरी आधी घातलंय’ एवढं दिसलं की तलंगेला धीर येतो.

*अंडं खाणं.* चोचीवर वाळलेला बलक, ओलं चिकट गवत, टरफलाचे एक-दोन तुकडे. हे दिसलं तर घरचाच चोर. बहुतेक वेळा सुरुवात पातळ टरफलाचं अंडं चुकून फुटण्यातून होते, आणि चव लागली की बाकीच्या शिकतात. दिवसातून दोन-तीनदा अंडी उचला, पेटीत जास्त काळोख करा, नकली अंडी ठेवा, टरफल घट्ट होईल याची सोय करा (पायरी ५). नकली अंड्यावर चोच आपटून कंटाळलेल्या कोंबड्या मी पाहिल्या आहेत. जिची खोड जातच नाही तिला इतरांपासून वेगळं ठेवावं लागतं. अंड्यात तिखट भरून ठेवण्याचा उपाय सगळे सांगतात, पण पक्ष्यांना तिखटाचा झोंबरेपणा जाणवतच नाही. मेहनत वाया.

*बाहेरचा चोर.* साप अंडं अख्खं गिळतो, त्यामुळे मागे काहीच उरत नाही. कावळा टोचून फोडतो. उंदीर-घुशी ओढून नेतात. अंडी लवकर उचलणं आणि फटी बुजवणं, दोन्ही करा.

पायरी ४: उजेड

कोंबडीचं अंडाशय उजेडाच्या तालावर चालतं. दिवसाचे १४ ते १६ तास उजेड मिळाला तर ती नियमित अंडी देते. दिवस लहान होत जाण्याच्या काळात वयात आलेली तलंग कधी कधी थांबून राहते आणि दिवस मोठे व्हायला लागल्यावरच सुरू होते. हा निसर्गाचा हिशेब आहे, आजार नव्हे. घाई नसेल तर काहीही करू नका. मी आता करत नाही.

दिवा लावायचाच असेल तर चार गोष्टी सांभाळा.

१. १६ आठवड्यांआधी उजेड वाढवू नका. अंग पुरतं वाढण्याआधी अंडाशय जागं झालं की अंडं अडकणं आणि अंग बाहेर येणं (अंडं येण्याच्या नलिकेचा भाग द्वाराबाहेर राहणं) हे दोन्ही धोके वाढतात.
२. एकदम चार तास नको. आठवड्याला अर्धा तास वाढवत न्या.
३. जादा उजेड पहाटे द्या. संध्याकाळी दिवा अचानक विझला तर कोंबड्या दांडीवर चढण्याआधीच काळोखात अडकतात.
४. टायमर लावा. आज दिवा, उद्या विसरलो, असं झालं तर असून नसून सारखंच. उजेड वर्तमानपत्र वाचता येईल एवढा पुरे.

रात्रभर दिवा ठेवण्याची माझी चूक करू नका. त्यांना सलग काळोख आणि झोप लागते.

पायरी ५: खाद्य, पाणी आणि टरफल

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

आधी अंडं कसं बनतं ते समजून घ्या. अंडाशयातून बलक सुटल्यापासून अंडं बाहेर येईपर्यंत २४ ते २६ तास लागतात. त्यात पांढरा भाग चढायला सुमारे ३ तास, आतला पापुद्रा बनायला तासाभराहून थोडं जास्त, आणि टरफल चढायला तब्बल २० तास. अंडं घातल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास पुढचा बलक सुटतो. हे चक्र २४ तासांपेक्षा थोडं मोठं असल्यामुळे अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते, आणि दुपारवर गेली की कोंबडी एक दिवस खाडा करते. म्हणून ‘काल दिलं, आज नाही’ यावर घाबरायचं कारण नाही.

टरफल जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं. एका टरफलात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि ते चढण्याचं बरंचसं काम रात्री होतं, जेव्हा कोंबडी खात नसते. तेव्हा ती पोटात उरलेलं कॅल्शियम वापरते, आणि ते कमी पडलं की स्वतःच्या हाडांतून काढते. शिंपल्यांचा चुरा जाडसर हवा तो याचसाठी: जाड तुकडे पोटातल्या दळणाच्या पिशवीत रेंगाळतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात. पिठासारखा बारीक चुरा लवकर निघून जातो. चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, खाद्यात मिसळू नका. जिला हवा ती खाईल, बहुतेक संध्याकाळी. घरच्या अंड्यांची टरफलं द्यायची तर आधी भाजून, चुरडून द्या. अंड्याच्या आकारात दिलीत तर अंडी खायचा धडाच दिल्यासारखं होईल.

आता सापळा. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, ज्याला लेअर खाद्य म्हणतात, साधारण ३.५ ते ४.५ टक्के कॅल्शियम असतं. वाढत्या तलंगांच्या ग्रोअर खाद्यात ते १ टक्क्याच्या आसपास असतं. लवकर अंडी मिळावीत म्हणून १०-१२ आठवड्यांच्या पिलांना लेअर खाद्य सुरू करणारे बरेच जण भेटतात. त्याने अंडी लवकर येत नाहीत. जादा कॅल्शियम बाहेर टाकताना मूत्रपिंडं खराब होतात आणि ते नुकसान भरून येत नाही. बदल करायचा तो पहिलं अंडं दिसल्यावर किंवा हलक्या जातींत १८ आठवड्यांच्या सुमारास, आणि तोही ८-१० दिवस दोन्ही खाद्यं मिसळत. कळपात वेगवेगळ्या वयाच्या असतील तर सगळ्यांना ग्रोअर ठेवा आणि शिंपल्यांचा चुरा बाजूला द्या.

दुसरा सापळा लाडाचा. तयार लेअर खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं असतात. त्यावर तुम्ही मूठमूठ दाणे आणि स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं टाकता. कोंबडी आवडतं ते वेचून खाते, पोट भरतं, आणि प्रथिनं-कॅल्शियम दोन्ही कमी पडतात. वरखाऊ एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा, आणि तेही दुपारनंतर, मुख्य खाद्य खाऊन झाल्यावर. मध्यम आकाराची अंड्यावरची कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. दोन दिवस वजन करून बघा. पुष्कळदा दुबळ्या तलंगेला खायलाच मिळत नसतं, कारण दोन दांडग्या भांड्यापाशी उभ्या असतात. दुसरं भांडं दूरवर ठेवलं की प्रश्न मिटतो.

पाणी. अंड्याच्या आतला जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. कोंबडी खाद्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिते, उकाड्यात त्याहून बरंच जास्त. एक दिवस भांडं कोरडं राहिलं तर अंडी थांबू शकतात, आणि पाणी परत दिल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी सुरू होत नाहीत. भांडं सावलीत ठेवा आणि रोज घासा.

पायरी ६: पहिली विचित्र अंडी ओळखा

अंडनलिका नवी असते, तिला सूर सापडायला वेळ लागतो. पहिल्या काही आठवड्यांत पुढचे प्रकार दिसले तर वहीत लिहा आणि शांत राहा.

लहानखुरी अंडी नेहमीचीच. महिन्या-दोन महिन्यांत आकार वाढतो. बलकच नसलेलं लिंबाएवढं अंडं म्हणजे नलिकेने एखाद्या कणालाच बलक समजून वरचं सगळं चढवलं. दोन बलकांचं अंडं म्हणजे दोन बलक लागोपाठ सुटले. तलंगांमध्ये हे जास्त दिसतं. लोकांना त्याचं कौतुक वाटतं, पण एकच तलंग वारंवार अशी मोठाली अंडी देत असेल तर तिच्यावर लक्ष ठेवा, अडकण्याचा धोका तिलाच. टरफलाबाहेर रक्ताची पुसट रेघ म्हणजे द्वार ताणलं गेलंय, सुरुवातीला एखाददोनदा चालतं. दर अंड्यावर ओलं रक्त चालत नाही. बलकावरचा रक्ताचा ठिपका म्हणजे बलक सुटताना फुटलेली बारीक रक्तवाहिनी. खायला धोका नाही, काढून टाका.

मऊ, पापुद्र्यासारखं टरफल सुरुवातीला एखाददोनदा ठीक. दांडीखाली सकाळी चिकट डाग दिसतात ते अशाच अंड्याचे, रात्री निसटलेलं. तीन-चार आठवड्यांनंतरही हे चालू राहिलं तर कॅल्शियम, उकाडा किंवा भीती यांपैकी काहीतरी आहे.

पण बऱ्याच कोंबड्या एकदम सुरकुतलेल्या टरफलाची, पाण्यासारख्या पातळ पांढऱ्याची अंडी देऊ लागल्या आणि सोबत शिंका, घरघर असेल, तर तो नवखेपणा नाही. श्वसनाचा संसर्गजन्य आजार असू शकतो. नवव्या पायरीवर जा.

पायरी ७: अंगावरचे पाहुणे, उकाडा, भीती

टॉर्च घेऊन रात्री जा. दांडीच्या खालच्या बाजूला आणि सांध्यांत बघा. लाल माइट नावाचे बारीक परजीवी दिवसा फटीत लपतात आणि रात्री बाहेर पडून रक्त पितात, म्हणून दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही. पांढऱ्या कागदाचा तुकडा दांडीखाली घासला आणि लाल डाग उमटले तर खुराडं रिकामं करून फटी न् फटी साफ करावी लागेल, आणि आठवड्याने पुन्हा एकदा, कारण तोवर अंड्यांतून नवी पिढी बाहेर येते. उवा आणि दुसऱ्या जातीचे माइट अंगावरच राहतात. ते द्वाराभोवतीच्या पिसांत शोधा. फिकट पडलेला तुरा, हडकुळी छाती, घाणेरडं शेपूट दिसलं तर जंतांचा संशय घ्या, पण औषध देण्याआधी विष्ठा तपासून घ्या.

उकाड्यात, साधारण ३० अंशांच्या पुढे, कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते. धापांमधून कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो, आणि टरफलाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. शिवाय ती खातही कमी. सावली, हवा, गार पाणी, आणि खाद्य पहाटे व संध्याकाळी.

भीतीबद्दल एवढंच: नवं घर, नवी कोंबडी कळपात, रात्री भोवती घुटमळणारं कुत्रं, यांतलं काहीही एक ते तीन आठवडे अंडी थांबवू शकतं. उपाय म्हणजे हात न लावणं.

दिवसभर पेटीत बसून राहणारी, जवळ गेलं की फुगून गुरगुरणारी तलंग खुडूक झालेली असते, म्हणजे अंडी उबवायला बसलेली. पिलं काढायची नसतील तर तळाला जाळी असलेल्या, गवत नसलेल्या पिंजऱ्यात खाणं-पाणी देऊन तीन-चार दिवस ठेवा. पोटाला खालून हवा लागली की खुडूक उतरते.

पायरी ८: अंडं अडकलं किंवा अंग बाहेर आलं तर

अडकलेल्या अंड्याची कोंबडी ताठ उभी राहते, शेपूट खाली-वर हलवते, कुंथते, खात नाही, डोळे मिटून कोपरा धरते.

घमेल्यात कोमट पाणी घ्या, ३८ ते ४० अंश, म्हणजे मनगटाला सुखद लागेल एवढं. पोट आणि मागचा भाग बुडेल अशी तिला १५-२० मिनिटं बसवा. बहुतेक कोंबड्या दोन मिनिटांत शांत होतात. मग पुसून, उबदार, काळोख्या, निवांत खोक्यात ठेवा. हातमोजा घालून द्वाराभोवती थोडी पेट्रोलियम जेली लावा. पाणी जवळ ठेवा. तासाभराने पुन्हा एकदा शेक द्या. दोनदा शेकूनही अंडं आलं नाही, किंवा ती मलूल होत चालली, तर पशुवैद्याकडे न्या. तिथे कॅल्शियमचं इंजेक्शन देतात आणि गरज पडली तर अंडं सुरक्षित काढतात. हे दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, अडकलेलं अंडं एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतं.

काय करायचं नाही: पोट दाबून अंडं ढकलायचं नाही. आतलं अंडं फोडायचं नाही. टरफलाच्या धारेने नलिका फाटते आणि आत संसर्ग होतो. चोचीत तेल ओतायचं नाही. अन्ननलिकेचा आणि अंडनलिकेचा तसा काही संबंध नाही, ते तेल फुफ्फुसात मात्र जाऊ शकतं.

अंग बाहेर येणं म्हणजे द्वारातून नलिकेचा लाल, ओला भाग बाहेर राहणं. पहिलं काम तिला वेगळं करणं, याच मिनिटाला. कोंबड्यांना लाल दिसलं की त्या टोचतात, आणि टोचायला लागल्या की थांबत नाहीत. कोमट पाण्याने हलकेच धुवा, हातमोज्यावर जेली घेऊन सावकाश आत सरकवा. जोर लावू नका. काळोख्या जागेत ठेवा, म्हणजे नवं अंडं लगेच येणार नाही. परत बाहेर आलं, काळं पडलं किंवा फाटलं असेल तर तो घरचा उपचार नाही.

पायरी ९: पशुवैद्याकडे जाताना

एकच कोंबडी बंद आहे पण खाते-पिते आहे, तर थांबायला हरकत नाही. पोट फुग्यासारखं ताणलेलं, हिरवी किंवा रक्ताळ विष्ठा, मान वाकडी, पाय लुळे, श्वासाला घरघर, यांपैकी काही असेल तर थांबू नका. मान पिरगळलेली आणि हिरवी हगवण असेल तर मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा, संशय घ्यावा लागतो. लस वेळेवर दिली होती का हा पहिला प्रश्न असेल. अनेक पक्षी अचानक मेले, तोंडं सुजली, तुरे जांभळे पडले, तर मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका, कुणाला देऊ नका, सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवा.

सोबत काय न्यायचं:

- वही, किंवा तिच्या शेवटच्या महिन्याच्या पानांचा फोटो
- वय, जात, लसींच्या तारखा
- खाद्याच्या पोत्यावरच्या लेबलाचा फोटो
- त्या दिवशीची ताजी विष्ठा झाकणाच्या डबीत
- शेवटचं विचित्र अंडं, असलं तर
- आधी दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव. लाजून लपवू नका. मी टॉनिकचं सांगितलं नव्हतं आणि तपासणी उगाच लांबली.

औषध मिळालं की निघण्याआधी एक प्रश्न विचारा: अंडी किती दिवस खायची नाहीत? अनेक प्रतिजैविकं आणि काही जंतनाशकं अंड्यात उतरतात. जो आकडा सांगतील तो वहीत तारखेसकट लिहा, आणि तोवरची अंडी रोज उचलून टाकत राहा. पेटीत साचू दिलीत तर एखादी कोंबडी त्यांच्यावर खुडूक बसेल.